दुरुस्ती झाली का, हे तपासून सांगणारा माणूस व्हा: लिबरऑफिसमधली पहिली कामगिरी

लिबरऑफिसमधला एखादा बग म्हणजे बिघाड दुरुस्त झाला की बग्झिला या बिघाड नोंदवायच्या संकेतस्थळावर त्या नोंदीखाली एक यांत्रिक संदेश उमटतो. कोडमध्ये बदल गेला आहे, अमुक आवृत्तीत तो मिळेल, येत्या २४ ते ४८ तासांत डेली बिल्डमध्ये, म्हणजे नेमाने तयार होणाऱ्या चाचणी प्रतीत येईल, असं त्यात लिहिलेलं असतं. शेवटची ओळ महत्त्वाची: ज्यांना हा त्रास होत होता त्यांनी दुरुस्ती तपासून कळवावं. कितीतरी नोंदींखाली या विनंतीला कोणाचंच उत्तर येत नाही. ज्याने बग नोंदवला तो कंटाळून निघून गेलेला असतो आणि डेव्हलपर पुढच्या कामाला लागलेला असतो.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात यायचं आहे पण सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना मी याच ओळीकडे बोट दाखवतो. सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा येत नसली तरी चालतं. लागतो तो एक बरा संगणक, थोडं इंग्रजी, आणि जे दिसलं तेच लिहायची सवय. शिवाय मराठी वाचणाऱ्या माणसाकडे या प्रकल्पाला हवी असलेली आणखी एक गोष्ट असते. जर्मनीत किंवा हंगेरीत बसलेला डेव्हलपर जोडाक्षर मांडणारा कोड लिहू शकतो, पण पडद्यावर 'दऱ्या' उमटलंय की 'दर्या', हे त्याला डोळ्यांनी कळत नाही. ते तुम्हाला एका नजरेत कळतं.

लिबरऑफिस म्हणजे रायटर (लेखनासाठी), कॅल्क (आकड्यांच्या तक्त्यांसाठी), इम्प्रेस (सादरीकरणासाठी) वगैरे असलेला मोफत ऑफिस संच. २०१० च्या सप्टेंबरमध्ये तो ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून फुटून निघाला. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिनमध्ये नोंदवलेली संस्था त्यामागे आहे. वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांकच तसा असतो: २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी, २४.८ म्हणजे त्याच वर्षीचा ऑगस्ट.

बग्झिलातले शब्द आधी ओळखीचे करा

फाउंडेशनच्या बग्झिलावर खातं उघडायला ईमेल पुरतो. मात्र तिथे तुमचा पत्ता इतरांना दिसू शकतो, म्हणून या कामासाठी वेगळा ईमेल ठेवलेला बरा.

प्रत्येक नोंदीला एक स्थिती असते. नवी नोंद 'अनकन्फर्म्ड' असते. दुसऱ्या कोणाला तोच बिघाड आपल्या यंत्रावर दिसला की ती 'न्यू' होते. आपलीच नोंद आपण 'न्यू' करायची नाही, दुसऱ्या माणसाने खात्री करायची, हा तिथला पक्का नियम आहे. माहिती अपुरी असेल तर 'नीडइन्फो', कोणी काम हाती घेतलं तर 'असाइन्ड'. दुरुस्ती कोडमध्ये गेली की 'रिझॉल्व्ह्ड फिक्स्ड', आणि ती स्वतंत्रपणे तपासली गेली की 'व्हेरिफाइड फिक्स्ड'. शेवटच्या दोन स्थितींमधलं अंतर भरून काढणं हे आपलं काम.

नोंदीत व्हाइटबोर्ड नावाचा एक रकाना असतो. दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येणार ते तिथे 'टार्गेट' या शब्दापुढे लिहिलेलं असतं. एकाच नोंदीत दोन टार्गेट दिसली तर गोंधळू नका. बदल आधी कोडच्या मुख्य शाखेत म्हणजे मास्टरमध्ये जातो आणि गरज असेल तर तिथून चालू आवृत्तीच्या शाखेतही उचलला जातो.

कोणता बग घ्यावा

शोध चौकटीत स्थिती 'रिझॉल्व्ह्ड', निकाल 'फिक्स्ड' निवडा आणि शब्द म्हणून देवनागरी, मराठी, हिंदी, इंडिक किंवा सीटीएल इंग्रजीत टाका. सीटीएल म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. ज्या लिप्यांमध्ये अक्षरं एकमेकांत मिसळतात किंवा उजवीकडून डावीकडे जातात, त्या सगळ्या लिबरऑफिसच्या हिशेबात या गटात येतात. देवनागरीही त्यातच. हिंदीच्या, नेपाळीच्या नोंदी सोडू नका. लिपी एक असल्याने बिघाड बहुधा सामायिक असतो.

लिपीशीच चिकटून राहायला हवं असंही नाही. तुम्ही रोज कॅल्कमध्ये सोसायटीचा जमाखर्च मांडत असाल तर कॅल्कच्या फिल्टरचा बग तुम्हाला लवकर समजेल. पहिल्यांदा निवडताना मी दोन गोष्टी बघायला सांगतो: बिघाड घडवण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहिलेल्या आहेत का, आणि नमुना फाइल जोडलेली आहे का. दोन्ही असतील तर पुढचं सोपं. 'कधीकधी अचानक बंद पडतं' एवढंच लिहिलेली नोंद पहिल्या महिन्यात घेऊ नका. तुमच्याकडे मॅक नसेल तर मॅकचे बगही बाजूला ठेवा.

दोन आवृत्त्या शेजारीशेजारी

आता तुम्हाला लिबरऑफिसच्या दोन प्रती लागतील: बिघाड असलेली जुनी आणि दुरुस्ती असलेली नवी. रोजच्या कामाची तुमची स्वतःची प्रत या दोन्हींपासून अलग राहिली पाहिजे.

नवी प्रत म्हणजे डेली बिल्ड. मास्टर शाखेतून ती नेमाने तयार होते आणि फाउंडेशनच्या डेव्ह-बिल्ड्स सर्व्हरवर मिळते. ती 'लिबरऑफिसडेव्ह' या वेगळ्या नावाने बसते आणि तिचं प्रोफाइलही वेगळं असतं, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या सेटिंगला धक्का लागत नाही. विंडोजची फाइल तीनशे एमबीच्या पुढे असते. मोबाइलच्या डेटावर काम करत असाल तर एकदा उतरवलेल्या बिल्डवर तीन-चार बग तपासून घ्या. बिल्डची तारीख मात्र दुरुस्तीच्या तारखेनंतरची हवी. दुरुस्ती मंगळवारी संध्याकाळी गेली आणि तुम्ही मंगळवारी सकाळचं बिल्ड घेतलं, तर 'दुरुस्त झालेलं नाही' हा तुमचा निष्कर्ष चुकीचा ठरेल आणि डेव्हलपरचा वेळ जाईल.

जुनी प्रत फाउंडेशनच्या डाउनलोड संग्रहातून घ्या. तिथे अगदी सुरुवातीपासूनच्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या आहेत. विंडोजवर दोन सामान्य आवृत्त्या एकत्र नांदत नाहीत, नवी बसवली की ती जुनीची जागा घेते. त्यावर उपाय म्हणजे एमएसआय फाइलचं (विंडोजवर प्रोग्राम बसवायच्या फाइलचं) 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इन्स्टॉल'. त्यात फाइली एका फोल्डरात नुसत्या उलगडल्या जातात आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत काही जात नाही. मग प्रोग्राम फोल्डरातली 'बूटस्ट्रॅप डॉट आयएनआय' फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'युजरइन्स्टॉलेशन'च्या ओळीत त्या प्रतीसाठी वेगळं प्रोफाइल फोल्डर द्यायचं. लिनक्सवर हे आणखी सोपं आहे. डेब फाइली इन्स्टॉल न करता घरच्या फोल्डरात उलगडता येतात, किंवा त्या आवृत्तीचं ॲपइमेज (न बसवता थेट चालणारी एकच फाइल) मिळत असेल तर तेच चालवता येतं.

डेली बिल्डमध्ये स्वतःची खरी कागदपत्रं उघडून सेव्ह करू नका. ती प्रत तपासणीसाठी आहे आणि त्यात अर्धवट कामही असू शकतं. नमुना फाइलची नक्कल करा आणि नकलेवरच प्रयोग करा.

आधी बिघाड बघा, मग दुरुस्ती

नव्याने आलेले बहुतेकजण थेट नवीन बिल्ड उघडतात, सगळं नीट दिसलं की 'चालतंय' असं लिहून मोकळे होतात. या शब्दाला तपासणी म्हणत नाहीत. तुमच्या यंत्रावर तो बिघाड मुळात दिसतच नसेल, तर नव्या बिल्डमध्ये तो न दिसण्यातून काहीच सिद्ध होत नाही. फाँट वेगळा असेल, ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल, पायरी चुकली असेल.

म्हणून क्रम असा ठेवा. जुन्या प्रतीत नोंदीतल्या पायऱ्या एकही न गाळता करा आणि बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्याचं चित्र काढून ठेवा. नंतर नव्या प्रतीत, त्याच फाइलच्या ताज्या नकलेवर, त्याच पायऱ्या करा. एका ठिकाणी बिघाड दिसला आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तरच तुमच्या शब्दाला वजन येतं.

जुन्या प्रतीत बिघाड दिसलाच नाही तर? हेल्प मेन्यूतून सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करून बघा, म्हणजे तुमच्या सेटिंगचा किंवा एक्स्टेन्शनचा प्रभाव जातो. चित्र उमटण्याशी संबंधित बग असेल तर विंडोजवर स्किया बंद आणि चालू अशा दोन्ही परींनी पाहा. आवृत्ती ७.० पासून विंडोजवर पडद्यावरचं रेखाटन स्किया करतं आणि काही बिघाड फक्त त्याच वाटेने येतात. तरीही दिसला नाही तर तसंच लिहा: 'अमुक जुन्या आवृत्तीतही मला हा बिघाड दिसला नाही, त्यामुळे खात्री देऊ शकत नाही.' ही माहितीही उपयोगी असते, आणि ती लिहिणाऱ्या माणसावर पुढे लोक विश्वास ठेवतात.

देवनागरी तपासताना काय काय पाहायचं

नोंदीतला मूळ बिघाड गेला की त्याच्या आजूबाजूला दोन-चार ठिकाणी टोचून बघायचं. देवनागरीच्या बाबतीत या आजूबाजूची यादी इंग्रजी वाचणाऱ्याला सुचत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

सुरुवात रफार आणि चंद्राकृती र यांपासून करा. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' अशा जोड्या एका ओळीत टाइप करा. हिंदीत हा चंद्राकृती र लागत नाही, त्यामुळे हिंदीपुरती केलेली तपासणी इथे अपुरी पडते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला संकेत देणाऱ्या पद्धतीत, तो दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह जोडून. तुमचा कीबोर्ड यातला एकच प्रकार देत असेल, तर दुसऱ्या प्रकारचा शब्द कुठूनतरी चिकटवून आणा. दोन्ही नीट दिसले पाहिजेत. आणि एक टाइप करून दुसरा शोधला तर काय होतं, हेही पाहा.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात अ आणि चंद्र जोडून काम भागवलेलं असतं. दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं, शोधताना मात्र वेगळं ठरू शकतं. 'ॲप' किंवा 'ॲसिड' हे शब्द शोधून बघा.

मग ल आणि श. काही फाँटांमध्ये हिंदी वळणाची आणि मराठी वळणाची अशी दोन्ही रूपं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रामने कळवलं तरच मराठी रूप उमटतं. म्हणून परिच्छेदाची भाषा मराठी करून आणि हिंदी करून दोन्हीकडे पाहा. भाषा खालच्या पट्टीत दिसते.

कर्सरकडे दुर्लक्ष होतं. 'क्षेत्र', 'स्त्री', 'राष्ट्रीय' अशा शब्दांतून बाणाच्या कळीने चाला. कर्सर जोडाक्षराच्या मधोमध अडकतो का, बॅकस्पेसने किती जातं आणि डिलीटने किती, हे जुन्या प्रतीशी ताडून बघा. ओळ जिथे मोडते तिथे काना-वेलांटी एकटी पुढच्या ओळीत गेली तर तो नक्कीच बिघाड.

कॅल्कमध्ये क्रमवारी लावा: ळ, क्ष, ज्ञ आपल्या वर्णमालेप्रमाणे ह च्या पुढे येतात का ते पाहा. रकमेत लाखाचा स्वल्पविराम जागेवर पडतो का तेही बघा. शेवटी पीडीएफ काढा, त्यातला मजकूर कॉपी करून साध्या एडिटरमध्ये चिकटवा. पीडीएफ दिसायला सुंदर आणि कॉपी केल्यावर विस्कटलेलं, हा देवनागरीचा जुना आजार आहे. सरकारी कागदपत्रं शोधता येण्याजोगी राहायची असतील तर याची तपासणी व्हायलाच हवी. वर्डच्या डॉक्सएक्स प्रकारात सेव्ह करून पुन्हा उघडणं ही याच यादीतली आणखी एक पायरी.

दोष लिबरऑफिसचा नसूनही तसा वाटेल असे काही प्रसंग आधीच ओळखून ठेवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत टाइप केलेल्या फाइलमध्ये मुळात देवनागरीचे युनिकोड संकेत नसतात, म्हणून फाँट नसला की इंग्रजी अक्षरांचा गिचका दिसतो. तो बग नव्हे. तसंच स्टाइलमध्ये फाँट बदलूनही मराठी मजकूर बदलत नसेल, तर सीटीएलसाठीचा वेगळा फाँट तपासा. लिबरऑफिस पाश्चात्त्य लिपी आणि सीटीएल यांची सेटिंग वेगवेगळी ठेवतं. जोडाक्षर चुकीचं दिसलं तर तोच मजकूर त्याच फाँटात फायरफॉक्समध्ये उघडा. अक्षरजुळणीसाठी फायरफॉक्स हार्फबझ हीच लायब्ररी वापरतो आणि लिबरऑफिसही ५.३ पासून सगळ्या प्लॅटफॉर्मवर तीच वापरतं. दोन्हीकडे सारखीच चूक असेल तर संशय फाँटावर घ्यायचा. एरवी नोटो सॅन्स देवनागरीसारखा मोफत फाँट वापरा, म्हणजे दुसऱ्यालाही तोच मिळवता येतो.

नोंदीखाली काय लिहायचं

भाषा इंग्रजी. साधी, तुटक असली तरी चालते. तिथे लिहिणाऱ्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही आणि कोणी व्याकरण मोजत नाही.

हेल्प मेन्यूतल्या अबाउट चौकटीत आवृत्तीची माहिती कॉपी करायचं बटण आहे. त्यात आवृत्ती, बिल्ड आयडी, ऑपरेटिंग सिस्टीम, रेखाटनाची पद्धत आणि लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) असं सगळं एकदम येतं. दोन्ही प्रतींची ही माहिती चिकटवा. बिल्ड आयडीवरून डेव्हलपरला नेमका कुठपर्यंतचा कोड तुमच्याकडे होता ते कळतं. त्याच्या वर तीन-चार वाक्यं पुरतात: जुन्या आवृत्तीत नोंदीतल्या पायऱ्यांनी बिघाड दिसला, अमुक तारखेच्या बिल्डमध्ये दिसला नाही, अमुक फाँट वापरला, पीडीएफ आणि डॉक्सएक्सही तपासलं, ठीक आहे. ज्याने दुरुस्ती केली त्याचे आभार माना. मग स्थिती 'व्हेरिफाइड' करा. हा बदल स्वतः करायचा धीर होत नसेल तर नुसती माहिती लिहा, क्यूए म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या मंडळींपैकी कोणीतरी ते करेल.

चित्र जोडताना देवनागरी न वाचणाऱ्याचा विचार करा. नुसतं 'चूक आहे' म्हणू नका. चुकीच्या जागी लाल वर्तुळ काढा, शेजारी बरोबर कसं दिसायला हवं ते चित्र ठेवा, आणि शब्द कोणत्या युनिकोड संकेतांनी बनला आहे ते क्रमाने द्या. एवढ्यावर लिपी न येणारा माणूसही काम करू शकतो.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. बग्झिलातली जोडलेली फाइल जगाला दिसते. सातबारा, आधारची प्रत, पगारपत्रक, शाळेचा निकाल असलं काही चुकूनही जोडू नका. बिघाड दाखवण्यापुरता दोन ओळींचा नमुना नव्याने बनवा. मूळ फाइलमधला एकेक भाग काढत जा आणि बिघाड टिकतोय का बघत जा. शेवटी उरते ती लहान फाइल डेव्हलपरलाही जास्त आवडते.

बिघाड अजूनही असेल तेव्हा

पहिल्यांदा बिल्डची तारीख आणि पायऱ्या पुन्हा तपासा. मूळ बिघाड जसाच्या तसा असेल तर नोंदीत पुराव्यासह लिहा. दुरुस्ती अर्धीच लागू झाली, म्हणजे पडद्यावर ठीक आणि पीडीएफमध्ये चूक, किंवा दुसरंच काही बिघडलं, तर जुनी नोंद पुन्हा खुली करू नका. नवी नोंद करा आणि 'सी ऑल्सो' रकान्यात जुनीचा क्रमांक द्या. एका नोंदीत चार तक्रारी साचल्या की कोणालाच काही उमजत नाही.

पूर्वी चालत असलेली गोष्ट नव्या आवृत्तीत मोडली असेल तर तिला रिग्रेशन म्हणतात आणि तिथे तुम्हाला पुढची कला शिकता येते: बायबिसेक्ट. फाउंडेशन हजारो तयार बिल्डं गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या व्यवस्थेच्या साठ्यात क्रमाने ठेवतं. मधलं बिल्ड उघडायचं, बिघाड आहे की नाही सांगायचं, उरलेल्या अर्ध्यातलं मधलं उघडायचं. हजारभर बिल्डांतून दोषी जागा गाठायला साधारण दहा वेळा बघावं लागतं. साठा बराच मोठा असतो, डिस्कवर कित्येक जीबी जागा मोकळी ठेवा. पण कोड न लिहिता 'बिघाड नेमक्या या बदलाने आला' असं बोट ठेवणारा माणूस डेव्हलपरांना फार मोलाचा वाटतो.

पुढच्या वाटा

काही दुरुस्त्या तपासून झाल्या की 'अनकन्फर्म्ड' नोंदींकडे वळा. पद्धत तीच, फक्त इथे बिघाड आहे की नाही एवढंच सांगायचं. मराठी इंटरफेसमधले शब्द खटकत असतील तर भाषांतराचं काम वेबलेट या ऑनलाइन साधनावर चालतं, तिथे सूचनेपासून सुरुवात करता येते. कोडकडे ओढा असेल तर 'ईझीहॅक' हा कीवर्ड लावलेले बग नवोदितांसाठीच राखलेले आहेत. बदल गेरिट या कोड तपासायच्या जागी पाठवायचा, तिथे अनुभवी लोक तो वाचतात आणि जेंकिन्स हा प्रोग्राम त्यासह लिबरऑफिस आपोआप बांधून बघतो. तीन महिने नेटाने काम केलं आणि पुढचे सहा महिने करायची तयारी असली, तर फाउंडेशनच्या सदस्यत्वासाठी अर्ज करता येतो. सदस्याला संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत असतं. त्यासाठी क्यूएचं कामही धरलं जातं, कोडच हवा असं नाही.

सुरुवातीला वेळ साधायचा असेल तर मोठ्या आवृत्तीआधीचे महिने चांगले. ऑगस्टच्या आवृत्तीची अल्फा म्हणजे पहिली चाचणी प्रत साधारण मे महिन्यात येते, फेब्रुवारीच्या आवृत्तीची वर्षाच्या शेवटी. त्या काळात बग शोधण्याची सामूहिक सत्रं होतात आणि क्यूएच्या गप्पांच्या खोलीत प्रश्नाला उत्तर द्यायला कोणीतरी जागं असतं. पहिली नोंद निवडताना अडलात तर तिथे जाऊन सरळ सांगा: मी मराठी वाचतो, देवनागरीतली कोणती दुरुस्ती तपासायची राहिली आहे?